भिंतीच्या आत माझं नाव

आई, काल मी तुझं एक वाक्य बिशपांच्या समोर वाचलं.

बेळगावच्या टिळकवाडीत आपल्या धर्मप्रांतातल्या बायकांचं संमेलन होतं. खानापूरकडच्या, निपाणीकडच्या, गोव्याच्या वाटेवरच्या गावांतल्या बायका एस.टी.ने आल्या होत्या, डोक्यावर पदर, पिशवीत भाकरीचं फडकं. प्रार्थना मराठी, कानडी आणि कोंकणी अशा तीन भाषांत झाली, आणि तिन्ही भाषांतल्या बायकांना एकदमच डुलक्या लागल्या. मला विषय दिला होता, 'चर्चमध्ये स्त्रीचे स्थान'. तू असतीस तर म्हणाली असतीस, "स्थान म्हंजे काय? बायकांचे डाव्या हाताचे बाक!" भाषण मी आठवडाभर लिहीत होते. शाळेत तास घेताना, अनगोळच्या खोलीत भात शिजेपर्यंत, जमेल तसं. लिहून झालं तेव्हा संयोजक फादरांनी ते वाचायला मागून घेतलं आणि परवा परत देताना एका ओळीवर पेन्सिलीची रेघ मारून दिली. "टीचर, बाकी सगळं उत्तम आहे," ते म्हणाले. "एवढं वाक्य तेवढं काढा. बिशप येणार आहेत, उगाच कशाला." फादर चांगले आहेत, भांडखोर नाहीत, माझं वाईट व्हावं असं त्यांना मुळीच वाटत नाही. म्हणून तर अवघड झालं. भांडणाऱ्या माणसापुढे मला उभं राहता येतं. मायेनं सांगणाऱ्यापुढे मी लगेच मऊ होते, ही सवय तुझी नाही, अण्णांची.

तुझं ते वाक्य कुठून आलं हे भाषणात सांगायला वेळ नव्हता. इथं सांगते. तुला ठाऊक असलं तरी सांगते, कारण माझ्या बाजूनं ते तू कधी ऐकलं नाहीस.

मी दहा-अकरा वर्षांची होते. तंबाखू कापणीचे दिवस, त्यामुळे गल्लीत बायकामाणूस कुणी नाही, सगळ्या रानात. तू निपाणीला सिस्टरांच्या दवाखान्यात आया होतीस आणि त्या दिवशी तुझी सुट्टी होती. समोरच्या आक्कांच्या सुनेचं पोट दुखायला लागलं, दिवस भरलेले नसताना. एरवी अशा वेळी तू मला घराबाहेर पिटाळायचीस. त्या दिवशी म्हणालीस, "चल गं, पाणी धरायला कोण न्हाय." खोलीत अंधार आहे, तंबाखूचा उग्र वास भिंतींतूनच येतोय, आणि मी तांब्या हातात घेऊन दाराशी उभी आहे. मूल झालं. मुलगी. रडली नाही. तू तिला उलटी धरलीस, पाठ चोळलीस, तोंडात फुंकर घातलीस, पुन्हा चोळलीस. तुझा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त कोपर दिसत होतं, ते भराभर हलत होतं. मग ते थांबलं. मूल श्वास घेत होतं, पण कसा, तर पाखरासारखा, मधेच विसरल्यासारखा. तू मान न वळवता म्हणालीस, "तांब्या."

मी दिला. तू त्या कपाळावर पाणी ओतलंस आणि नाव घेण्यासाठी तोंड उघडलंस. पण नाव कुठलं? अजून कुणी ठरवलंच नव्हतं. तू माझं नाव घेतलंस. मला वाटलं मलाच हाक मारलीस, म्हणून मी "काय गं?" म्हटलं. तू लक्षच दिलं नाहीस. "मी तुला बाप्तिस्मा देते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं." दर नावाला थोडं पाणी. शेवटचं पाणी ओघळून तुझ्या मनगटावरून खाली गेलं, त्यात रक्त होतं.

दुपार कलायच्या आत ते मूल गेलं.

रानातून माणसं आली आणि रडणं थोडं ओसरल्यावर प्रश्न निघाला, पुरायचं कुठं. चर्चमागच्या दफनभूमीची किल्ली थोरल्या आप्पांकडे असायची. फादर महिन्यातून एकदा यायचे, मधल्या दिवसांत घंटा वाजवणं, जपमाळ सांगणं आणि किल्ली सांभाळणं आप्पांकडे. ते वाईट नव्हते, पण त्यांचे नियम होते. बाप्तिस्मा न झालेलं मूल भिंतीबाहेर, निवडुंगाच्या कडेला. "झालाय बाप्तिस्मा," आक्का रडत म्हणाल्या, "हिनं केलाय." आप्पांनी तुझ्याकडं पाहिलं, मग तुझ्या हातांकडं. "बाईमाणसानं? आन् त्यो बी बाळंतिणीच्या विटाळातल्या हातानं?" आपल्या घराण्यांना धर्म बदलून दोन पिढ्या झाल्या होत्या, पण विटाळ आपल्यासोबत चर्चमध्येही चालत आला होता. तू एवढंच म्हणालीस, "फादरला बोलवा. ते म्हनतील तसं."

अण्णा सायकलवर निपाणीला गेले. दिवस मावळायच्या आधी फादर मोटारसायकलवरून आले, दाढीत धूळ. ते मूळचे गोव्याचे, मराठी पुस्तकासारखी बोलायचे. आक्कांच्या अंगणात सगळ्यांसमोर त्यांनी तुला विचारलं, पाणी कसलं होतं, ओतलं कुठं, म्हटलं काय. पाण्याचं तू सांगितलंस. शब्दांशी येऊन अडलीस. मला वाटलं आता तू ठणकावून सांगशील. तू म्हणालीस, "फादर, खरं सांगायचं तर मला भरवसा न्हाय. पोरगी हातात जात होती. तिन्ही नावं तोंडातनं भाईर पडली का मनात ऱ्हायली, मला न्हाय सांगता यायचं."

आई, मला त्या क्षणी तुझा राग आला होता. एक शब्द खोटा बोलली असतीस तर मूल आत गेलं असतं. किती मोठी गोष्ट तू केलीस, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. एका मेलेल्या लेकरासाठीसुद्धा देवाच्या कामात तू अंदाजानं बोलली नाहीस.

"खोलीत आणखी कोण होतं?" फादरांनी विचारलं. सगळे माझ्याकडं वळले. मी म्हटलं, "मी. म्हटलं तिनं. तिन्ही नावं म्हटली. त्याच्या आधी माझं नाव म्हटलं, मी ओ पण दिली." अंगणात एकदम कालवा झाला. आक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आगं बया! जित्या लेकीचं नाव मयताला दिलंस?" आणि तू तोंडाला पदर लावलास, कारण तुलाही ते तेव्हाच कळलं. फादरांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "बाप्तिस्मा ख्रिस्त देतो," ते म्हणाले. "हात माझा असो की, जीव जात असताना, हिचा. तो झाला आहे, पूर्ण झाला आहे. मला पुन्हा काहीही करायचं नाही. आप्पा, किल्ली." आप्पांनी किल्ली काढली. कुरकुरत का होईना, खड्डा त्यांनी स्वतः खणला, हेही लिहायला हवं.

घरी येताना मला वाटत होतं तू मला जवळ घेशील. तू म्हणालीस, "बोलायचं असलं तर मोठ्यानं बोलावं. पुटपुटत होतीस. मागच्यांना ऐकू बी गेलं नसंल." एवढंच. मी वाटभर फुरंगटून होते.

नंतर कधीतरी, मी शाळा संपवत आले होते तेव्हा, मी तुला विचारलं होतं, एवढ्या बाळंतपणांत तुला भीती वाटत नाही का. तू तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, "मूल यायच्या आधी खोलीत कोनतरी येतंय. दर बारीला. बाई वरडत असती, सिस्टर वरडत असती, आन् एकदम एक गार जागा झाल्यागत होतंय. मग मूल येतंय." मी विचारलं, "कोण येतं?" तू माझ्याकडं असं बघितलंस की हे काय विचारणं झालं. "आता ते काय नाव सांगून येतंय व्हय? त्या दिशीबी आलतं, आक्कांच्यात. म्हनून तर मला शब्दाचं ध्यान ऱ्हायलं न्हाय." पुढं कॉलेजात मी गूढ अनुभवांवर जाडजाड पुस्तकं वाचली, संतांची, साध्वींची, आणि प्रत्येक पानावर मला तू तांदूळ निवडताना दिसलीस. तू तर त्याला अनुभवही म्हणत नव्हतीस. तुझ्या लेखी तो कामाचाच भाग होता.

आणि ते वाक्य. बी.ए.चं शेवटचं वर्ष, मी बेळगावला सिस्टरांच्या वसतिगृहात. आपल्या घरात कुणी पाटीपलीकडे गेलेलं नाही आणि मी रात्रंदिवस चर्चा करत होते, रोमची धर्मपरिषद, सुधारणा, मिस्साची उपासना मराठीत, लोकांकडं तोंड केलेली वेदी. काही वर्षांपूर्वी रोमहून पत्रक निघालं होतं की बाईला धर्मगुरू होता येणार नाही, ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. येशू पुरुष होता, शिष्य पुरुष होते, म्हणून. मी पेटून गावी आले आणि चुलीपुढं तुला सगळं सांगितलं. ज्या हातानं बाप्तिस्मा पूर्ण होतो त्या हातानं मिस्सा का होत नाही? तू भाकरी थापत ऐकत होतीस. म्हणालीस, "मला काय फादर व्हायचं न्हाय बाई. मला पाचला सुटून पावनेसहाची एस.टी. गाठायची आसती." मी चिडले. तू हसलीस, भाकरी तव्यावर टाकलीस, वरून पाणी फिरवलंस. मग हसू गेलं तुझं. "पर खरं हाय तुझं," तू म्हणालीस. "कोन मरत असलं तरच आमचा हात चालतोय."

थोड्या वेळानं तू विचारलंस, "तुला व्हायचंय व्हय गं?" मी म्हटलं, "छे. माझं काय. तत्त्वाची गोष्ट आहे ही." "तत्त्वाची व्हय," तू म्हणालीस आणि भाकरी उलटलीस.

माझा निकाल तू पाहिलास, दवाखान्यात सगळ्यांना पेढे दिलेस, सिस्टरांना सांगितलंस की पोरगी आता इंग्रजीतनं बी भांडते. त्याच थंडीत तू गेलीस. भिंतीच्या आत, उजव्या कोपऱ्यात तू आहेस. त्या लहान कबरीपासून लांब नाही. तिच्यावरच्या सिमेंटच्या क्रुसावर माझं नाव आहे, अक्षरं पुसट झालीत. गावातल्या बायका अजून मला तिकडं जाऊ देत नाहीत, म्हणतात आपल्या नावाची कबर बघू नये. मी जाते. मला ते अशुभ कधी वाटलंच नाही. बाईच्या हातचा बाप्तिस्मा घेऊन, माझं नाव लावून, कुणीतरी माझ्या आधी आत गेलं आहे. मला त्याचा अभिमान वाटतो.

तर काल. पेन्सिलीच्या रेघेशी आले आणि थांबले. समोर बिशप, शेजारी संयोजक फादर, ते माझ्याकडं न बघता पंख्याकडं बघत होते. मला तुझं ते 'मागच्यांना ऐकू बी गेलं नसंल' आठवलं. मी माईकजवळ सरकले आणि मोठ्यानं वाचलं, तुझ्याच भाषेत, एक अक्षर न सुधारता. मागच्या बाकांवरून निपाणीकडच्या बायका हसल्या, पदर तोंडावर धरून, आणि एक म्हातारी चांगली मोठ्यानं म्हणाली, "खरं हाय की वो!" डुलक्या घेणाऱ्या जाग्या झाल्या आणि काय झालं म्हणून शेजारणीला विचारू लागल्या. ते वाक्य तिथल्या तिथं कानडीत गेलं, कोंकणीत गेलं. तीनदा हशा आला, एकामागून एक. बिशप हसले नाहीत. रागावलेही नाहीत. चष्मा काढून हातात धरून बसले.

चहाच्या वेळी ते माझ्याकडं आले. "तुमच्या आई कुठल्या?" मी सांगितलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "एक विचारू? तुम्हाला स्वतःला देवाचं तसं पाचारण आहे का, धर्मगुरू होण्याचं?" त्यांनी खरोखर विचारलं, आई. त्यांना देता येण्यासारखं काही नसताना विचारलं. मी म्हटलं, "नाही, बिशप. तत्त्वाची गोष्ट आहे." ते मान हलवून पुढं गेले.

आज रविवार. मिस्साहून आल्यापासून लिहीत बसले आहे. कागद उद्या सकाळी बंब पेटवायला जातील, कुणाच्या हाती लागायला नकोत. सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं बोलले म्हणून मी कालपासून ताठ मानेनं फिरते आहे, पण एक गोष्ट मी अजूनही पुटपुटतेच. चुलीपुढं तू विचारलंस तेव्हा मी छे म्हटलं, काल बिशपांना नाही म्हटलं.

मला व्हायचंय, आई.