आधी तुझी चिठ्ठी

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि सोबतचे लोकरीचे दोन तुकडे मिळाले. नातवाच्या स्वेटरची एक बाही राहिली आहे, नवी निळी लोकर जुनीशी जुळते का ते तूच सांग, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही, असं लिहिलंस. वाचून देवापुढे बसलो, पण मन लागेना.

आपल्या रंगखान्यातलं ते लांब टेबल आठवतं? तिथे मला तूच चिकटवलंस. पहिल्याच दिवशी बजावलंस, "सूत उजेडात बघ, साहेबांच्या तोंडाकडे नको." आता त्या टेबलावर मी नवी रीत घातली आहे. रंगवलेलं सूत नमुन्याशी जुळतं की नाही, हे सहाही जणांनी आधी चिठ्ठीवर लिहायचं, मगच तोंड उघडायचं. जुने कारागीर चिडवतात, "मास्तर, परीक्षा घेता काय आमची?" परवा पाच चिठ्ठ्यांवर 'जुळतं' निघालं, त्यात माझीही. सहावी नव्या मुलीची, 'नाही'. ती ओशाळून म्हणाली, "माझंच चुकलं असेल, काका." सूत पुन्हा खिडकीशी नेलं. तिचंच बरोबर होतं.

तुझ्या वेळी चिठ्ठ्या नव्हत्या, ताई. त्या दिवशी सूत बघून साहेब आधी म्हणाले, "जुळतं." मग एकामागून एक सगळ्यांनी माना डोलावल्या. तू एकटी म्हणालीस, "नाही, हिरवट मारतंय." शेवटी माझी पाळी आली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "जुळतंय की! ताई, डोळे तपासून घे एकदा." सगळे हसले. परक्यांचं तू मनावर घेतलं नसतंस, पाठच्या भावाचं घेतलंस. चष्मा केलास, वर्षभरात काम सोडलंस, आणि गेली बारा वर्षं पडद्याचं कापडसुद्धा दुसऱ्याला विचारून घेतेस.

ताई, ते सूत हिरवटच होतं. मला स्वच्छ दिसत होतं. साहेबांची भीती नव्हती. चारचौघांत वेगळं पडायची होती. एवढं सांगायला मला बारा वर्षं लागली. क्षमा कुठल्या तोंडाने मागू? तुकडे परत पाठवतो आहे. ते जुळतात की नाही, हे मी सांगणार नाही. सकाळी खिडकीशी धर आणि तुला दिसेल तेच लिहून कळव. माझं उत्तर घडी घालून देवापाशी ठेवलं आहे. आधी तुझी चिठ्ठी येऊ दे, मग माझी उघडेन.

तुझाच,
धाकटा