तोंड दाखवू नकोस

आई, गेल्या महिन्यात माझ्याही जिभेवर तशीच पांढरी साय धरली. दम्यासाठी मी हल्ली पंप ओढते आणि नंतर चूळ भरायचा आळस करते, त्याने होतं म्हणे. शहापूरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, बुरशी आहे म्हणाले, तोंडात धरायचं औषध दिलं. पुढच्या आठवडी बाजाराच्या आत जीभ स्वच्छ झाली. एवढंच होतं गं ते. परत येताना सापगावच्या पुलावर मला रिक्षात रडू फुटलं आणि रिक्षावाल्याला मी सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

तुझ्या घशाला शेक चालू होता तेव्हा तू माझ्याकडे राहायचीस. रेडिएशनला आपल्याकडे शेक म्हणतात, जणू गरम पाण्याची पिशवीच. भाड्याच्या जीपने तुला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आणायचं, मग तू ओट्याला टेकून बसायचीस आणि मी पेज भरवायची. पेजसुद्धा झोंबते म्हणायचीस. मला वाटायचं, वैशाखरे गावची ही बाई, जन्म चुलीपुढे गेला, हिला पेज काय झोंबते? घसा आतून भाजून निघतो हे डॉक्टरांनी समजावलं होतं, पण रोज तेच दुखणं ऐकून माझे कान किटले होते. नखरे वाटायचे मला, खरं सांगते.

त्यात एक दिवस तू न्हाणीत मिश्री घासताना सापडलीस. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड, तिच्यापायीच हे दुखणं लागलं असं डॉक्टर पहिल्या दिवसापासून सांगत होते. माझं डोकं फिरलं. शेजारीण दारात उभी होती, तरी मी जिभेला आवर घातला नाही. तुझा आवाज पार बसला होता. “तोंड पांढरा झालाय गो,” तू म्हणालीस. “घासून निघंल असा वाटला. नशेला नाय घेतली.” मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. “तुझं काळं तोंड पुन्हा मला दाखवू नकोस,” असं म्हणून मी न्हाणीचं दार आपटलं.

रागाच्या भरात कुणीही म्हणतं ते, आई. तू ते शब्दशः पाळलंस. त्या दिवसापासून पदर तोंडावरून हलला नाही. चूळ भरायला परसात, माझी पाठ असताना. दवाखान्यात विचारलं की मान हलवायचीस, बरं आहे. पेज नको, मग पाणीही नको. मी समजले, फुगून बसली आहे. मग मीही फुगले. एका घरात दोघी, आणि बोलणं ताटापुरतं. शेवटी जीपमधून उतरताना तू खाली कोसळलीस.

डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं. बुरशी घशातून खाली अन्ननलिकेत उतरली होती. शेक थांबवावा लागला. बुरशी हा शब्द ऐकून तू मान खाली घातलीस. लोणच्याला बुरशी आली की बोल बाईच्या हाताला लागतो, आणि तुझ्या लोणच्याला ती कधी शिवली नव्हती. डॉक्टर सांगत होते, शेक घेताना लाळ आटते, त्याने पुष्कळांना होते, पेशंटची चूक नाही, फक्त वेळेवर कळायला हवं. मग मला विचारलं, “घरी कुणी तोंड बघत नव्हतं का?”

“तीच दाखवत नव्हती,” मी म्हटलं. “हट्टी आहे.”

तू माझ्याकडे पाहिलंस. मग डॉक्टरांकडे वळून हळूच होकाराची मान डोलावलीस.

औषधाने साय गेली, शेकही पुन्हा सुरू झाला, पण तुझ्या अंगात ताकद उरली नव्हती. बुरशीने गेलीस असं कुणी म्हणालं नाही. आजारच मोठा होता. मीही मनाची समजूत तशीच घालते आणि ती दुपारपर्यंत टिकते.

काल भाऊ मुरबाडहून आला होता. जेवताना त्याने सहज विचारलं, “आय शेवटी खात का नव्हती गो?” मी म्हटलं, हट्टी होती. तो हसला, म्हणाला, “व्हतीच ती.” मीही हसले आणि त्याला भात वाढला. त्याला सांगायचं ते तुला लिहिते आहे, कारण तू पुन्हा माझ्या बाजूनेच मान डोलावशील हे मला ठाऊक आहे.