जमिनीवरून उठताना

मार्गशीर्ष शु. ४, शके १८५९. भोकरदन.
आज वेणी अर्धीच राहिली. हात खांद्यापर्यंत येतात अन् गळून पडतात. मांड्यांचंही तसंच. चुलीपुढं बसले ती बसलेच. उतरंड धरून उठायला गेले तर मडकी हालली. सासूबाई म्हणाल्या, "पंचविशीत म्हातारी झालीस का गं?" पापण्यांवर जांभळट लाली, बोटांच्या सांध्यांवर चट्टे. शाळेत शिकवून हे घरी आले, तेव्हा ह्यांना चट्टे दाखवले. दिवा जवळ धरून बघितले.

मार्ग. शु. ९
सासूबाईंनी तेल कोमट करून जोरात चोळलं. माया हाय त्यांची, पण मी ओरडलेच. दुपारी घास घशात अडकला, पाणी नाकातून आलं. हे घाबरले. "आता जालन्याला जायचंच."

मार्ग. वद्य २. जालना.
मोटारीच्या पायरीवर पाय चढेना. शेजारच्या रहिमतबी सोबत आल्त्या, त्यांनी मागून उचललं. "वजन तो कुछ बी नहीं बेटी."
दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हात उचलायला लावले, खाली बसवलं, उठ म्हणाल्या. उठता आलं न्हाई. मंग ह्यांना म्हणाल्या, "आळस न्हाई हा. स्नायू आतून सुजलेत, म्हणून जोर न्हाई."
मला रडू आलं. बरं वाटून.
हे म्हणाले, "कशानं झालं?"
"ते मलाही ठाऊक न्हाई. नेमकं औषधही न्हाई. सूज हाय तोवर आराम, चोळणं बिलकुल बंद. उन्हात जायचं न्हाई. मऊ खायचं, ताठ बसून, छोटे घास. सूज उतरली की हातपाय हळूहळू हलवायचे. दमेपर्यंत न्हाई."
"बरी होईल?"
"काहींचं उतरतं. काहींचं परत चढतं."

पौष शु. ६
हे रोज माझी वेणी घालून राह्यले. पहिल्या दिवशी केस कमी, गाठी जास्त. सासूबाई म्हणाल्या, "बाप्या माणसाचं काम हाय का हे?" हे म्हणाले, "शाळेत पोरांची गणितं सोडवतो, घरी गुंता." मी हसले तर घशात दुखलं, तरी हसले.
आज सकाळी सासूबाईंनी ह्यांच्या हातातून फणी ओढून घेतली. "केस उपटशील तिचे." आता त्या घालतात. घट्ट.

पौष वद्य १०
भाकरी उतरत न्हाई. रहिमतबींनी मुगाची पातळ खिचडी आणली. त्यांच्या घरचं आमच्यात चालत न्हाई. वाटी हातात, मी सासूबाईंकडं बघितलं. त्या तुळशीला पाणी घालत होत्या, वळल्याच न्हाईत. "घशाखाली जातंय ना? मंग खा. मी काही बघितलं न्हाई."
सगळी संपवली.

माघ शु. १२
चट्टे फिके. घास बराबर उतरतो. चूक अशी की हुरूप आला अन् काल भरलेली घागर उचलली. आज कूससुद्धा बदलता येईना. हे पहिल्यांदाच चिडले. "दमेपर्यंत न्हाई म्हणजे न्हाई!" मंग स्वतःच पाणी भरून आले.
खाटेवर पडल्या पडल्या हात थोडा उचलायचा, थांबायचं. एवढंच काम. कंटाळा... पण घरातलं बोलणं कानावर येतं, बरं वाटतं.

फाल्गुन वद्य ५
उठले. जमिनीवरून. कुणी हात न देता. आधी कुशीवर, मंग गुडघ्यावर, दोन्ही हातांनी खांब धरून. पाय लटलटले पण उभी राह्यले. सासूबाई दारात. पदरानं नाक पुसलं. मंग म्हणाल्या, "उठलीसच तर चहा ठेव."
साखर जास्त पडली. सगळ्यांनी प्याला.

चैत्र शु. ७, शके १८६०
मोटारवाल्याबरोबर डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. मंठ्याकडची एक बाई आलीय दवाखान्यात, माझ्यासारखंच दुखणं. कुणाशी बोलत न्हाई, जेवत न्हाई. तुम्ही येऊन भेटाल का?
सासूबाई म्हणाल्या, "ऊन किती तापलंय." हे म्हणाले, "तिला ठरवू दे."
उद्या पहाटेच्या मोटारीनं जाणार. रहिमतबी येतेत.
तिला काय सांगू? बरी झाले म्हणू? आज सकाळपासून मांड्या पुन्हा जड हायेत. दमल्यानं असेल, न्हाई तर... ह्यांना अजून बोलले न्हाई. घास कसा गिळायचा, कुशीवर कसं वळायचं, ते तर सांगता येईल. पुढचं तिनं विचारलं तर मला ठाऊक न्हाई, असंच म्हणेन.

तिच्यासाठी मुगाची डाळ बांधून घेतलीय.