बोटावरचे नव्व्याण्णव

४ जानेवारी, सोमवार

डॉक्टरकीच्या पुढच्या परीक्षेला अठरा दिवस. दोनदा आपटलेय. तिसऱ्यांदा आपटले तर अपघात विभागातली ही नोकरीही गेली, साहेबांनी तोंडावर सांगितलंय.

आज मान वर करायला फुरसत नव्हती. दुपारी एक इस्त्रीवाली बाई आणि तिच्या दोन मुली आल्या. तिघींचं डोकं दुखतंय, उलट्या. थोरली दहाएक वर्षांची, तीच सगळं सांगत होती. आई नुसती कपाळ दाबून बसलेली. ताप नाही. बोटाला चिमटा लावला — तिघींचा ऑक्सिजन नव्व्याण्णव! "शिळंपाकं काही खाल्लं का?" "कालची भाजी होती," बाई म्हणाली. झालं! उलटीच्या गोळ्या दिल्या, मीठ-साखरेचं पाणी सांगितलं, घरी पाठवलं.

निघताना धाकटी म्हणते, "इथं बसून बरं वाटलं." मी म्हटलं, "मग रोज येत जा!" सगळ्या हसलो.

६ जानेवारी, बुधवार

सकाळी चहा घेताना नवरोबांनी माझं पुस्तक उघडलं. परीक्षक व्हायची भारी हौस! "घरातल्या सगळ्यांना एकदम डोकेदुखी, उलट्या. बाहेर आलं की बरं वाटतं. ओळखा!"

मी ताडकन — "कार्बन मोनॉक्साइड! बंद खोलीत कोळसा जळत असणार. बोटावरचं यंत्र फसतं, त्याला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. मास्क लावून भरपूर ऑक्सिजन—"

"वा! पैकीच्या पैकी!"

आणि मी कप खाली ठेवला. इस्त्रीवाली! कोळशाची इस्त्री, ही थंडी. दोन वर्षं घोकतेय हे, आणि समोर आल्यावर घर कसं आहे एवढंही विचारलं नाही. त्याच खोलीत परत पाठवलं मी त्यांना!

नोंदवहीतला फोन बंद. पत्ता शोधत गेले. दार थोरलीनं उघडलं, तिलाही उभं राहवत नव्हतं. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. धाकटी ग्लानीत. बाई टेबलाखाली पडलेली — हाका मारल्या तर ओ नाही. शेजाऱ्यांना ओरडून बोलावलं, तिघींना बाहेर ओढलं. ॲम्ब्युलन्स, मास्क.

९ जानेवारी, शनिवार

तिघी शुद्धीत! आज घरी सोडलं. बाईनं माझे दोन्ही हात धरले — "देवासारख्या धावून आलात." साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आधी मीच परत पाठवलं होतं, हे तोंडातून निघालं नाही. सोमवारी ड्युटीवर असलेल्या सिस्टरना ठाऊक आहे. त्यांनी त्या दिवशीचा केसपेपर माझ्यापुढे ठेवला आणि गेल्या. मी तो गठ्ठ्यात खाली सरकवला.

नवरा म्हणतो, "अगं, वाचल्या ना? मग?" वाचल्या. पण माझीच मला लाज वाटतेय.

२२ जानेवारी, शुक्रवार

परीक्षा. तोच प्रश्न आला! खुणा, तपासण्या, उपचार — सगळं धडाधड लिहिलं. शेवटी लिहिलं, रुग्ण बरा झाल्यावरही काही आठवड्यांनी मेंदूवर परिणाम दिसू शकतो, तसं घरच्यांना सांगून ठेवावं.

मी कुठे सांगितलं होतं?

२३ जानेवारी

इस्त्रीवालीकडे जाऊन आले. खिडकी सताड उघडी, बाई इस्त्री करत होती. हसून चहा दिला. छान आहे की! उगाच कशाला घाबरवायचं म्हणून सांगितलं नाही.

२९ जानेवारी, शुक्रवार

थोरलीनं आईला हाताला धरून आणलं. बाईनं मला ओळखलं नाही.

"सकाळपासून आई मलाच 'आई' म्हणतेय. वेणी घालून दे म्हणाली," पोरगी म्हणाली. "मी दिली घालून."