सर्वानुमते, एक सोडून

खळ्याची वस्ती, जि. बीड
४ एप्रिल २०१६

चि. गहिनीनाथ यास आप्पारावचे अ. उ. आ.

फोनच केला असता, पण तू तोही रेकॉर्ड करून गाण्यात घालशील, म्हणून पत्र लिहितो आहे.

तुझ्या ‘भोंगा’ बँडचा पहिला अल्बम काल ऐकला. ऐकला म्हणजे ऐकावा लागला. विरोधी पॅनलच्या राधाकिशनने जीपवर कर्णा बांधून तो बाजारभर फिरवला. नऊ गाणी, चोवीस मिनिटं, आणि चाल एकालाही नाही. याला पंक रॉक म्हणतात म्हणे. पंक म्हणजे चिखल, एवढं संस्कृत मला येतं. तुझ्या बापामागं तुला वाढवला, पुण्याला धाडला, तो आपल्याच अंगावर चिखल उडवून घ्यायला.

मुद्दा शेवटच्या गाण्याचा आहे, ‘सर्वानुमते’चा. सप्टेंबरमधल्या कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत मी चेअरमन म्हणून ठराव वाचतो आहे की गावतळ्याचं पाणी हंगाम संपेपर्यंत कारखान्याला. सगळा मांडव मंजूर, मंजूर ओरडतो आहे. आणि तू मोबाइलमध्ये भरून नेलेल्या त्या गोंगाटात एक बाई नामंजूर म्हणते. एकदा नाही, सात वेळा. व्यासपीठावर मला ते ऐकूही आलं नव्हतं. इतिवृत्तात ठराव सर्वानुमते आहे आणि तसाच राहील. कारखान्याची निवडणूक महिन्यावर आली आहे, हे तुला ठाऊक होतं.

बाई कोण ते मी ओळखलं. तळ्याच्या वस्तीवरची वत्सलाबाई. एवढं तोंड दुसऱ्या कुणाला नाही. ते गाणं काढून टाक. तोवर कारखान्याचा पाण्याचा टँकर तिच्या वस्तीवर जाणार नाही.

आहे तेवढा लोभ टिकवणं तुझ्या हातात आहे.

आप्पाराव


पुणे
९ एप्रिल

ती. आप्पांस गहिनीनाथचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आप्पा, चिखल व्हायलाही पाणी लागतं. ते तुमच्या कारखान्यानं पिऊन टाकलं.

हा अल्बम आम्ही चौघांनी एका गॅरेजमध्ये, भिंतींना गाद्या टेकवून, अकरा दिवसांत केला. मागं कुठली कंपनी नाही, हे काढा ते ठेवा सांगणारं कुणी नाही. तुम्हाला तो आवडेल असं मला वाटलंही नव्हतं. पण चाल नाही म्हणता ते चूक. तुम्ही ज्या ठेक्यात ठराव वाचता, त्याच ठेक्यावर धुळाजीनं ड्रम धरला आहे.

तो आवाज वत्सलाबाईंचा नाही. त्या सभेला आल्याच नव्हत्या. हजेरीचं रजिस्टर तुमच्याच कपाटात आहे, उघडून बघा. आवाज कुणाचा ते सांगणार नाही, तसा शब्द दिला आहे. बाई सभासद आहे आणि तिला बोलायचा हक्क होता, एवढंच सांगतो.

गाणं निघणार नाही. मला उंबऱ्यात उभं करू नका हवं तर, पण माझ्यावरचा राग वस्तीच्या घागरींवर काढू नका. काकूंचा गुडघा कसा आहे ते कळवा.

लोभाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

गहिनीनाथ


खळ्याची वस्ती
१४ एप्रिल

गहिनीनाथ,

आज आशीर्वाद नाहीत. रजिस्टर पाहिलं. वत्सलाबाईची सही नाही. न सांगता मागं येऊन बसली असेल.

आपल्याकडच्या बाया सभासद कशा होतात ते मला शिकवू नकोस. शेअर नवरे घेतात आणि बायकांच्या नावावर टाकतात. त्या सभेला लाडू घ्यायला येतात, बोलायला नाही. तुझ्या काकूलाही मीच सभासद करून ठेवली आहे. तिला विचार, तीही हेच सांगेल.

टँकर बंद आहे. तू तिकडंच राहा.

आप्पाराव


खळ्याची वस्ती
२१ एप्रिल

चि. गहिनीनाथ यास काकूचे पोटभर आशीर्वाद.

सातवीनंतर पत्र लिहायची वेळ आली नाही, चुका पोटात घाल. गुडघा आहे तसाच आहे.

तू शब्द पाळलास, आता मीच तो मोडला. गेल्या शनिवारी वत्सलाबाई रिकामी घागर घेऊन उन्हात चालत आपल्या दारात आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली की गीताबाई, मी सभेला आलेच न्हाई, तर मला सजा कावून. मी तिची घागर भरून दिली. ती वळून गेली तेव्हा मला माझीच लई लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवताना यांना सांगितलं की तो आवाज माझा आहे. हे हसले. म्हणाले, तुझा आवाज तीस वर्षं ऐकतोय. मग तू पाठवलेली सीडी लावली. यांनी गाणं तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा म्हणाले की ही तू नाहीस, तू अशी ओरडत नाहीस. त्यांचंही खरंच आहे. या घरात मी कधी ओरडले नाही. म्हणून उभी राहिले आणि तशीच ओरडले, सातही वेळा. गडी गोठ्यातून पळत आला. हे हातातला घास धरून बसून राहिले.

चार दिवस झाले, बोलत नाहीत. काल फक्त म्हणाले की इतिवृत्तात सर्वानुमते लिहिलेलं आहे. मी म्हटलं, मी तिथं होते, मग ते सर्वानुमते कसं. यांनी पान खाल्लं आणि बाहेर गेले.

टँकर सोडा म्हणून यांनी कारखान्यावर काही सांगितलं नाही. म्हणून आज सकाळी मी कारखान्यावर गेले, पंडित ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले आणि तळ्याच्या वस्तीवर चल म्हटलं. चेअरमनच्या बायकोला तो नाही कसं म्हणणार. उद्या हे कारखान्यावर सांगून फाटक लावून घेतील, मला ठाऊक आहे. तरी जाणार.

एक काम कर. सीडीच्या पाठीमागं सगळ्यांची नावं आहेत, गिटार कुणाची, ड्रम कुणाचा. पुन्हा छापशील तेव्हा माझंही नाव घाल. यांचं नाव माझ्यापुढं लावू नकोस. गीताबाई, सभासद क्रमांक २१७, एवढंच.

लोभ होता तसाच आहे, त्याला ठराव लागत नाही.

तुझी काकू