नैऋत्येची लिफ्ट

मंगळवार, संध्याकाळ

लिफ्टचा तो कोपरा डोक्यातून जाऊनच नाही राहिला. सदर बाजारच्या एका सराफाच्या चार मजली घराचं डिझाइन करून राहिली आहे मी. लिफ्टच्या काँक्रीटच्या भिंती मुद्दाम मधात घेतल्या होत्या. आज सराफ नकाशा घेऊन आले, तर वास्तूवाल्याने लिफ्ट नैऋत्येच्या कोपऱ्यात सरकवलेली. जड ते तिथंच पाहिजे म्हणे.

"दीदी, रायपुर में कहाँ भूकंप आता है?" ते हसले.

मी टेबलावरच्या फाइलचा एक कोपरा अंगठ्याने दाबला अन् फाइल ढकलली. ती सरकली नाही, फिरली. दाबलेला कोपरा जागीच राहिला, समोरचा सगळ्यात जास्त हलला. लिफ्टच्या ताठ भिंती कोपऱ्यात असल्या की भूकंपात घर असंच पिळतं, म्हटलं. समोर ईशान्येला काय आहे?

"पूजाघर. अम्मा सुबह-शाम वहीं बैठती हैं."

मग ते हसले नाही. लिफ्ट परत मधात घ्या, म्हणून गेले.

मले बरं वाटायला पाहिजे होतं. काहून नाही वाटलं? याआधी दोन घरांत लिफ्ट अशीच कोपऱ्यात सरकवून मी गुपचूप सही केली आहे. तिथं ईशान्येला कोण बसते, हे मी विचारलंच नव्हतं.