पुढच्या भागाचे टाके

प्रिय ठकू,

स्वेटर झाला. शेवटचा टाका काल दुपारी चार वाजता बंद केला आणि तुझ्या बाबांनी पेपरातून मान वर न काढता "सुटलो!" म्हटलं. गेले पंधरा दिवस ते माझ्याशी बोलायच्या आधी "ओळ संपली का?" असं विचारून घेत होते, त्यामुळे त्यांचा राग मी धरत नाही. मांजरांचा धरते. मला जी बाही विणायची असेल, मास्तर नेमका तिच्यावर बसायचा. ठमीने हिरव्या लोकरीचा गुंडा तुझ्या टेबलाच्या चारी पायांभोवती असा फिरवला, की तो सोडवायला बाबांना जमिनीवर आडवं व्हावं लागलं. उजव्या बाहीत पांढरे केस दिसले तर झटकत बसू नकोस. ते विणले गेलेत.

चार महिने अर्धा पडलेला स्वेटर एवढ्या घाईने का संपवला, हे तू विचारणार नाहीस, पण मी सांगते. तू लाल स्वेटर घालून फोटो पाठवलास ना, खाली लिहून, "मम्मींनी आठ दिवसांत विणला!" त्यातलं उद्गारचिन्ह मला फार लागलं. तुझ्या सासूबाई तीस वर्षं नर्स होत्या, त्यांचा हात चपळ असणारच. शिवाय त्यांच्या घरात मांजर नाही. मांजर नसलेल्या घरात कुणीही आठ दिवसांत विणेल. लाल रंग तुला शोभत नाही, हे मी तू पाच वर्षांची असल्यापासून सांगत आलेय. या फोटोत तो शोभला, तो उजेडाचा दोष. तरी मी तो सगळ्यांना कौतुकाने दाखवला. शेजारीण म्हणाली, "अय्या, किती सुबक हो! सासू मिळावी तर अशी." त्या दिवशी तिच्या चहात साखर घालायची राहून गेली.

आज सकाळी माझा स्वेटर पलंगावर पसरला, शेजारी तुझा फोटो ठेवला आणि बाबांचं भिंग घेऊन बसले. खोटं कशाला बोलू, त्यांच्या लाल स्वेटरातल्या चुका काढायलाच बसले. गळा निर्दोष. खांदे निर्दोष. जळफळत भिंग आणखी खाली सरकवलं आणि चूक सापडली! तू जरा कडेने उभी आहेस, म्हणून शिवण स्पष्ट दिसते. पाठीचा भाग सरळ, पण पुढच्या भागात छातीखाली टाके वाढवलेले. चांगले वीसेक तरी. "अहो, बघा, बाईंचं माप चुकलं!" अशी हाक मारली, की मास्तर पलंगावरून उडी टाकून पळाला. बाबांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "मग पुढे झोळ का नाही आला?"

या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा विणकामातला प्रश्न विचारला, आणि तोही नेमका. झोळ आला नाही, कारण ती जागा भरलेली आहे.

म्हणून हे पत्र. फोन केला असता तर मी काहीतरी बोलून गेले असते आणि तू "आई, प्लीज" म्हणून ठेवून दिला असतास. कितवा महिना, उलट्या होतात का, हे सगळं नंतर विचारीन. आधी एकच सांग. तू त्यांना सांगितलंस, की त्यांनी ओळखलं? ओळखलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. तीस वर्षांची नर्स, ओळखणारच. सांगितलं असशील, तर मात्र उत्तर लिहू नकोस. इथे ये आणि मलाही सांग, जणू अजून कुणालाच ठाऊक नाही. मीही तशीच ऐकेन. तेवढं नाटक मला जमतं. हिरव्याचा पुढचा भाग उसवून ठेवलाय. किती वाढवायचा ते तुझ्या तोंडून कळल्याशिवाय मी सुई हातात घेणार नाही.

तुझीच, आणि तुझी पहिली,
आई